इनामगावच्या तटाआड

शिरूरहून न्हावऱ्याला या आणि तिथून पूर्वेला इनामगावची वाट धरा. दोन्ही अंगांना ऊस, पुढे घोड नदीचा उजवा काठ. हीच नदी खाली भीमेला मिळते आणि तिचे पाणी दौंडच्या पुलाखालून जाते. काठावरच्या टेकाडांपाशी थांबा. आता ऊस विसरा, विजेचे खांब विसरा, पंपाची घरघर विसरा. काळ इसवी सनापूर्वी १२००चा. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून अठ्ठावीसशे वर्षे आहेत. इथल्या माणसांनी लोखंड पाहिलेले नाही.

समोर तट आहे. ताशीव चिऱ्यांचा नाही, माती आणि दगडगोटे रचून उभारलेला, आणि त्याला लागून खंदक. सह्याद्रीतले आणि समुद्रातले किल्ले आपल्याला पाठ असतात; ऐन मैदानातला हा तट मात्र कुणी दाखवत नाही. त्याच्या शेजारून खोल पाट गेला आहे. घोडेचा पूर वळवून त्याचे पाणी साठवायचे आणि शेताला द्यायचे, अशी ही सोय. दगडी कुदळ-फावड्यांच्या काळात एवढी माती उपसायची तर गाव एका विचाराने राबायला हवे, आणि कुणीतरी ते राबवायला हवे.

आत शिरा. ऐसपैस चौकोनी घरे ओळीने उभी आहेत, मधून अरुंद बोळ. भिंती खालून मातीच्या, वर कुडाच्या, छप्पर गवताचे. पश्चिमेच्या कडेला कारागीर राहतात. तिथे कुंभाराच्या भट्टीचा धूर आहे. निवालेले एक तोटीचे भांडे हातात घ्या: लाल अंग, त्यावर काळी नक्षी, टिचकी मारली तर खणखणीत वाजते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने पुढे ही भांडी आणि ही माणसे ओळखली जातील.

त्यांचे बोलणे तुम्हाला कळणार नाही, जेवण कळेल. जव मुख्य, शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, तीळ. बोरे, आवळे, जांभळे. नदीतले मासे आणि खेकडे. कुळथाचा वास ओळखीचा वाटला तर नवल नाही.

बसताना मात्र जपून बसा. या जमिनीखाली घरातलीच माणसे आहेत. मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवायचे आणि घरातच पुरायचे. मोठ्या माणसाला उत्तरेला डोके करून निजवायचे, उशाशी अन्नपाण्याची भांडी, आणि पाय घोट्याखाली तोडलेले. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून हे करत असावेत, असे उत्खनन करणाऱ्यांना वाटले. मला ते पटते. चुलीपासून हातभर अंतरावर आपले मूल पुरणाऱ्या आईला त्याला दूर पाठवायचे नसते.

एका घरात मातीची पेटी आहे, तिच्यासोबत कच्च्या मातीच्या देवी आणि एक बैल. एका देवीला डोकेच नाही. तिच्या पोटात भोक, बैलाच्या पाठीत भोक; काडी घातली की ती बैलावर स्वार होते.

वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचे घर आणि लगत धान्याचे कोठार. अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण पुरलेला आढळला. त्यात चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. घर कुणाचे, हे त्या कोठारावरून ताडता येते.

आता तीनशे-चारशे वर्षे पुढे या. तीच जागा, पण चौकोनी घरे गेली. गोल, लहान झोपड्या उरल्या. भांड्यांवरची नक्षी उतरली. शेती आटली, शेरडे-मेंढरे आणि शिकार यांवर भिस्त वाढली. उत्खनन करणाऱ्यांपैकी म. के. धवलीकरांनी याचे कारण पावसात शोधले: तो कमी होत गेला आणि शेतकरी पुन्हा भटके झाले. शिरूर-दौंडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या या पट्ट्यात आजही आहेत. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास वस्ती उठली.

१९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे खणले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि धवलीकर यांनी शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. एका खेड्याची नऊशे वर्षे इतक्या बारकाईने उलगडणारे उत्खनन देशात विरळाच. तरीही तालुक्यातल्या शाळांच्या सहली रायगडला जातात, सिंहगडला जातात आणि न्हावऱ्यावरून सरळ पुढे निघून जातात. एक सहल इकडे वळवा. पण त्याआधी मुलांना येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नेऊन या काळाची भांडी दाखवा. इनामगावच्या एका रांजणावर कुणीतरी बैलगाडी कोरली होती, हेही सांगा. तशी गाडी त्यांच्या आजोबांनी हाकलेली असेल.