श्रेणीबद्ध संगीत

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक रचनातंत्र. सप्तकातील बाराही स्वरांचा एक विशिष्ट क्रम आधी ठरवून घेणे व संपूर्ण रचना त्या क्रमातूनच उभारणे, हे त्याचे मूलतत्त्व होय. ह्या क्रमास ‘स्वरश्रेणी’ असे म्हणतात. ऑस्ट्रियन संगीतरचनाकार आर्नोल्ट शनबर्ग (१८७४–१९५१) ह्याने १९२१–२३ च्या सुमारास हे तंत्र सिद्ध केले. योझेफ हाउअर (१८८३–१९५९) ह्या त्याच्याच देशबांधवाने बारा स्वरांच्या नियमाचा विचार १९१९ मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता. तथापि पुढील पिढ्यांवर प्रभाव पडला तो शनबर्गच्या पद्धतीचा.

सतराव्या शतकापासून यूरोपीय संगीत एका आधारस्वराभोवती फिरत असे. रचना त्याच्यापासून दूर जाई व अखेर त्याच्याकडे परते; ऐकणाऱ्यास वाटणारी ओढ आणि विसावा ह्या ये-जा करण्यातूनच निर्माण होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः व्हाग्नरच्या संगीतनाट्यांत, हे केंद्र डळमळू लागले आणि १९०८ च्या सुमारास शनबर्गने त्याचा त्याग केला. मात्र केंद्र गेले, तसा दीर्घ रचनेला धरून ठेवणारा सांगाडाही गेला. ह्या काळातील त्याच्या रचना एक तर अत्यंत लहान आहेत किंवा एखाद्या संहितेच्या आधाराने चालतात. गेलेल्या नियमाच्या जागी दुसरा नियम आणण्याची निकड त्यातून उत्पन्न झाली. शनबर्गला क्रांतिकारक म्हणून ओळखले जाते. पण मुळात तो परंपरेचा रक्षक होता, असेच म्हणावे लागेल.

श्रेणीतील बाराही स्वर येऊन गेल्याखेरीज एखाद्या स्वराकडे पुन्हा वळावयाचे नाही, हा ह्या तंत्राचा सर्वसाधारण दंडक. लागलीच केलेली पुनरुक्ती त्यास अपवाद असते. स्वर कोणत्या सप्तकात घ्यावयाचा, किती काळ टिकवावयाचा, तो एकटा वाजवावयाचा की इतरांसमवेत, हे रचनाकार ठरवितो. मूळ श्रेणी, तिचा उलटा क्रम, चढाच्या जागी उतार व उताराच्या जागी चढ घेऊन मिळणारे व्यस्त रूप आणि त्या व्यस्त रूपाचा उलटा क्रम, अशी चार रूपे होतात. प्रत्येक रूप बारांपैकी कोणत्याही स्वरापासून आरंभिता येत असल्याने एकूण ४८ रूपे हाती येतात. भारतीय वाचकास श्रेणी ही रागासारखी भासण्याचा संभव आहे. परंतु रागात षड्जाचा आधार असतो व वादी-संवादी स्वरांना विशेष मान असतो. श्रेणीत नेमका हाच उच्चनीच भाव नाहीसा केलेला असतो.

शनबर्गने पियानोसाठी रचलेली २५ व्या क्रमांकाची नृत्यमाला (१९२१–२३) ही सर्वस्वी एकाच श्रेणीवर आधारलेली त्याची पहिली बहुखंडी रचना. तीत त्याने ४८ पैकी अवघी आठ रूपे वापरली असून साचे मात्र गाव्हॉट, मिन्युएट, जीग अशा अठराव्या शतकातील नृत्यांचे घेतले आहेत. श्रेणीचे अखेरचे चार स्वर उलट वाचले असता जर्मन स्वरनामांनुसार बाख हे नाव तयार होते. ह्या शोधामुळे पुढील शंभर वर्षे जर्मन संगीताचे श्रेष्ठत्व अबाधित राहील, असे त्याने एका शिष्याजवळ म्हटल्याचे सांगतात. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याला, तो ज्यू असल्यामुळे, बर्लिनच्या अकादमीतून दूर केले. त्याच वर्षी तो अमेरिकेस गेला, तो कायमचा.

त्याच्या दोन प्रमुख शिष्यांनी हे तंत्र परस्परविरुद्ध दिशांना नेले. आंटोन व्हेबर्नने (१८८३–१९४५) ते अधिक कठोर केले. त्याच्या सिंफनीच्या (१९२८) श्रेणीचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचेच उलटे रूप असल्याने तिची ४८ ऐवजी २४ च भिन्न रूपे होतात. आल्बान बेर्खने (१८८५–१९३५) जुन्या स्वरसंवादाला श्रेणीतच जागा करून दिली. मानोन ग्रोपिउस ह्या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर त्याने रचलेल्या व्हायोलिन कन्चेर्टोतील (१९३५) श्रेणीचे शेवटचे चार स्वर बाखने योजलेल्या एका जुन्या प्रार्थनागीताच्या प्रारंभाशी जुळतात आणि अंतिम खंडात ते गीत सहजपणे अवतरते. श्रेणीबद्ध संगीत म्हणजे निव्वळ आकडेमोड, ह्या आक्षेपास ही रचनाच उत्तर आहे. शनबर्गची अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सॉ (१९४७) ही सुमारे सात मिनिटांची रचनाही त्याच तोलाची. ज्यूंच्या संहाराचे निवेदन चालू असता तीत अखेरीस पुरुषवृंद हिब्रू प्रार्थना गाऊ लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून डार्मस्टाट येथे भरणाऱ्या उन्हाळी वर्गांत जमलेल्या तरुणांना शनबर्गची जुन्या साच्यांविषयीची ओढ मान्य नव्हती. त्यांचा आदर्श व्हेबर्न हा होता. प्येअर बूलेझने (१९२५–२०१६) तर १९५२ मध्ये ‘शनबर्ग मृत आहे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. ऑल्यिव्ह्ये मेस्यांच्या १९४९ मधील एका पियानोरचनेपासून स्फूर्ती घेऊन बूलेझने दोन पियानोंसाठीच्या स्ट्रक्चर्सच्या पहिल्या भागात (१९५२) स्वरांबरोबरच कालमान, जोर आणि आघात ह्यांचेही क्रम ठरविले. अमेरिकेत मिल्टन बॅबिटने (१९१६–२०११) १९४७ मध्येच असा प्रयत्न केला होता. मात्र सर्व अंगे नियमबद्ध झाल्यावर ऐकणाऱ्याला तो नियम जाणवेनासा झाला. यानिस क्सेनाकिसने १९५५ मध्ये हेच दाखवून दिले : ह्या संगीतातील धागे इतके गुंतागुंतीचे होतात, की कानाला केवळ स्वरांचा पुंजका ऐकू येतो. बूलेझ स्वतःही त्या कठोरपणात फार काळ राहिला नाही. ईगॉर स्ट्राव्हिन्स्कीसारखा जुना प्रतिस्पर्धी मात्र शनबर्गच्या मृत्यूनंतर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ह्या तंत्राकडे वळला.

अमेरिकन विद्यापीठांत १९५० व १९६० च्या दशकांत ह्या तंत्राला मोठी प्रतिष्ठा होती. त्याच परंपरेत नाव मिळविलेल्या जॉर्ज रॉकबर्गचा (१९१८–२००५) तरुण मुलगा १९६४ मध्ये मरण पावला. आपले दुःख ह्या भाषेत मावत नाही, असे वाटून त्याने श्रेणी सोडली आणि तिसऱ्या तंतुवाद्य-चतुष्कात (१९७२) बेथोव्हन व मालर ह्यांच्या वळणाचे स्वरसंवाद पुन्हा योजिले. समकालीनांपैकी कित्येकांनी त्याबद्दल त्याला दोष दिला.