सिंधू संधिपट्टा

लडाखमध्ये सिंधू नदीला साधारणपणे समांतर गेलेला, भारतीय व आशियाई भूपट्टांच्या सांध्यावरचा अरुंद आणि अतिशय चुरगळलेला खडकांचा पट्टा. पूर्वेस तो तिबेटात यार्लुंग त्सांगपोच्या खोऱ्यात, तर पश्चिमेस पाकिस्तानात जातो. या दोन भूखंडांमध्ये निओटेथिस हा महासागर होता. त्याचा तळ उत्तरेकडे सरकत आशियाखाली प्रावरणात गेला (अधोगमन) व अखेर भारतीय भूखंडाची कडाही त्यामागे ओढली गेली. महासागर उरला नसल्याने त्याचा इतिहास तळाचे वर निसटलेले तुकडे (ओफिओलाइट) आणि खोल जाऊन परतलेले रूपांतरित खडक यांवरूनच जुळवावा लागतो.

संशोधन : फेर्डिनांड स्टोलिच्का याने १८६०च्या दशकात व रिचर्ड लिडेकर याने पुढे या भागाची पाहणी केली. दोघेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. खडकांचा आजचा अर्थ मात्र १९६०च्या दशकानंतर, भूपट्ट सांरचनिकी मान्य झाल्यावर लागला.

ओफिओलाइट : आदर्श क्रमात तळाशी प्रावरणाचा पेरिडोटाइट, त्यावर गॅब्रो, समांतर भित्तींचा थर, गिर्दी लाव्हा व सर्वांत वर रेडिओलॅरियायुक्त चर्ट असतो. लडाखमध्ये हा क्रम अखंड सापडत नाही. पूर्वेकडील निदार येथे तो त्यातल्या त्यात चांगला दिसतो. तेथील चर्टमधील रेडिओलॅरिया पूर्व क्रिटेशस काळातील आहेत व गॅब्रोचे समस्थानिकीय वय सु. १४ कोटी वर्षे येते, मात्र या मोजणीतील अनिश्चितता मोठी आहे. निदारच्या पेरिडोटाइटात फार मोठ्या खोलीच्या खुणा मिळाल्याचे अहवाल आहेत. त्या खऱ्या असल्या तरी प्रावरणाच्या आधीच्या इतिहासाच्या असाव्यात.

स्पोंगतांग ओफिओलाइट पट्ट्याच्या सु. ३० किमी. दक्षिणेस, झांस्करच्या सागरी गाळखडकांवर सुटा बसलेला आहे. त्याचे वय सु. १७.७ कोटी वर्षे असून त्यावरील ज्वालामुखी कंसाचे खडक सु. ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. यावरून भर समुद्रात दुसरे अधोगमन चालू होते असे मानतात. तो भारताच्या कडेवर क्रिटेशसच्या अखेरीस चढला की इओसीनमध्ये, याबद्दल मतभेद आहेत.

ज्वालामुखी कंस : द्रास येथील क्रिटेशस ज्वालामुखी खडक व उत्तरेचा लडाख ग्रॅनाइट समूह. खाली जाणाऱ्या तळातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण वितळून हे मॅग्मा तयार झाले. ग्रॅनाइटाचा मुख्य ओघ सु. ५ कोटी वर्षांपूर्वी आटला.

ब्लूशिस्ट : कारगिलजवळील शेरगोल व सापी येथे सर्पेंटिनाइट आणि गाळखडकांच्या मिश्र राशीत निळसर सुभाजा आढळतात. ग्लॉकोफेन या अँफिबोल खनिजामुळे त्यांना हा रंग येतो. सोबत लॉसोनाइट असते. होनेगर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने त्यांचे वय सु. १० कोटी वर्षे येते, म्हणजे अधोगमन भारत व आशिया यांच्या टक्करीच्या कितीतरी आधी सुरू झालेले होते. कमाल दाबाचा पूर्वीचा अंदाज सु. १० किलोबार होता. नंतरच्या अभ्यासात तो सु. १९ किलोबार व तापमान सु. ४७०° से. निघाले. इतका दाब साठ किमी.हून अधिक खोलीवर असतो. सर्वसाधारण खंडीय कवचात खोलीबरोबर तापमान दर किमी.ला २५–३०° वाढते. येथे ते जेमतेम ७–८° वाढले आहे. थंड पाटा तापण्याआधीच वेगाने खाली गेला तरच असे घडते. म्हणून अधोगमनाचा खात्रीचा साक्षीदार म्हणून ब्लूशिस्ट ओफिओलाइटापेक्षा वरचढ ठरतो; ओफिओलाइट महासागर होता एवढेच निश्चित सांगतो.

त्सो मोरिरीचे एक्लोजाइट : भारतीय भूखंडाची कडाही खाली गेल्याचा पट्ट्यातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा. त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरात पट्टिताश्मांचा घुमट आहे. त्याचा मूळ ग्रॅनाइट ऑर्डोव्हिशियन काळातील, म्हणजे निःसंशय भारतीय भूखंडाचा. त्यात गार्नेट व ओम्फासाइट यांचे बनलेले एक्लोजाइटाचे लहानमोठे भिंगाकार तुकडे अडकले आहेत. वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील मुखर्जी व साचन यांनी २००१ मध्ये त्यातील गार्नेटात कोएसाइट सापडल्याचे प्रसिद्ध केले. सिलिकेचे हे दाट रूप सु. २७ किलोबारपेक्षा अधिक दाबाखालीच स्थिर राहते. अर्थात भारताच्या कडेचा हा भाग ९० किमी. किंवा त्याहून खोल गेला होता. वर येताना बहुतेक कोएसाइटाचे क्वॉर्ट्झ झाले. घनफळ सु. एक-दशांशाने वाढल्याने भोवतालच्या गार्नेटाला अरीय भेगा पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम या भेगाच नजरेत भरतात. कणाची ओळख रामन वर्णपटाने पक्की करतात.

कमाल दाबाची वेळ काही मोजण्यांनी सु. ५.५ कोटी, तर काहींनी ४.७ ते ४.३ कोटी वर्षांपूर्वीची येते. मोजलेले खनिज नेमके कोणत्या टप्प्यावर वाढले, हा वादाचा मुद्दा आहे. त्यावर टक्करीचा काळही अवलंबून असल्याने येथे एकच आकडा देणे धाडसाचे ठरेल. पाकिस्तानातील काघान खोऱ्यातही कोएसाइट मिळाले असून तेथील वय सु. ४.६ कोटी वर्षे आहे. एवढ्या खोलीवरून खडक परतले ते मुख्यतः हलक्या ग्रॅनाइटी पट्टिताश्मांच्या उत्प्लावकतेमुळे. जड एक्लोजाइट त्यांच्यासोबत वर आले.

गाळखडक : इओसीनमधील नुम्युलाइट चुनखडकांनंतर सागरी थर लवकरच संपतात व नदीतील वाळू-गोट्यांचे थर सुरू होतात; टक्करीमुळे समुद्र हटल्याची ही खूण.

आर्थिक महत्त्व : क्रोमाइटाचे किरकोळ साठे.