रॉक ऑन!!

अभिषेक कपूर दिग्दर्शित हिंदी चित्रपट. प्रदर्शन : २९ ऑगस्ट २००८. मुंबईतील 'मॅजिक' या रॉक बँडचे चौघे मित्र ऐन यशाच्या उंबरठ्यावर भांडून विभक्त होतात आणि दहा वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, हे याचे कथासूत्र. मधल्या काळात गायक आदित्य (फरहान अख्तर) गुंतवणूक क्षेत्रात स्थिरावतो. ड्रमवादक केडी (पूरब कोहली) वडिलांच्या जवाहिराच्या दुकानात बसतो. रॉब (ल्यूक केनी) दुसऱ्यांच्या संगीतासाठी राबतो. गिटारवादक जो (अर्जुन रामपाल) मात्र जवळजवळ बेकार. त्याचे घर पत्नी डेबीच्या (शहाना गोस्वामी) मासळीच्या व्यवसायावर चालते. म्हणूनच पुनर्मीलनाला तिचा विरोध असतो. केडीच्या मिश्कीलपणामुळे हलक्याफुलक्या वाटणाऱ्या कथेला रॉबच्या दुर्धर आजाराने गांभीर्य येते. चरितार्थासाठी सोडलेली कला तिशीनंतर परत मिळवता येते का, आणि तिची किंमत घरातील कोणी मोजावी, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

गीते जावेद अख्तर यांची, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. फरहान यांनी आपली गाणी स्वतःच गायिली. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट व सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता (रामपाल) हे राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभले. २०१६ मधील उत्तरार्धाला मात्र हे यश साधले नाही.