थ्रेड : प्रात्यक्षिकाचे यंत्र कोणाच्या घरी?

१/ ऑनलाइन व्याख्यानाला एक पडदा पुरतो. प्रात्यक्षिकाला मात्र यंत्र लागते, आणि शिकणाऱ्याच्या हाताने काय केले ते शिक्षकाला दिसावे लागते. मग दूरच्या विद्यार्थ्यासाठी हे यंत्र ठेवायचे कुठे? या प्रश्नाची चार उत्तरे इतिहासात सापडतात.

२/ १५ ऑगस्ट १९८४. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. घरी हवा तो केवळ टीव्ही संच. पण वाट एकतर्फी होती : प्रयोग पाहता येई, करता येत नसे.

३/ २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने यंत्रच शिकणाऱ्याजवळ नेले. केंद्रातला एक संगणक पाळीपाळीने अनेकांच्या हाती येई. घरी संगणक असण्याची गरज उरली नाही.

४/ पण प्रत्येक प्रयोगाचे यंत्र गावोगावी नेता येत नाही. म्हणून आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ इंटरनेटला जोडली : पोलादी पाते, ते तापवणारी तार, थंड करणारा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर.

५/ उपकरण पवईत, विद्यार्थी कुठेही. तो आपली वेळ राखून ठेवी, सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमधून आज्ञा पाठवी आणि तिकडे पाते खरोखर तापे. ये-जा होई ती मुख्यतः आकड्यांची. व्हिडिओच्या मानाने हा भार अगदी हलका.

६/ मार्च २०२०. टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आले आणि यंत्राचा भार विद्यार्थ्याच्या घरावर पडला. जालना जिल्ह्यातील केदारखेड्यासारख्या गावात बसून तंत्रशिक्षण घेणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. संगणकासाठी लिहिलेले ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर मोबाइलवर कसे चालावे? वायरिंगची जोडणी शिक्षकांना दाखवायची, तर दोन्ही हात मोकळे ठेवणारा कॅमेरा हवा, व्हिडिओ पाठवण्याइतका अपलोडचा वेग हवा आणि तासभर अखंड वीज हवी.

७/ दूरदर्शनने यंत्र दाखवले, एमकेसीएलने ते वाटून वापरायला दिले, पवईने दुरून चालवू दिले. २०२० ने मात्र ते ज्याचे त्याने आणावे असे गृहीत धरले. वेल्डिंगसारखे कौशल्य तर हातात साधन घेतल्यावाचून अंगवळणी पडतच नाही.

८/ म्हणून ‘ऑनलाइन शिक्षण सर्वांसाठी’ असे कोणी म्हटले, की एवढेच विचारावे : यंत्र कोणाच्या खर्चाने? याच उत्तरावर केदारखेड्याचा मुलगा कारागीर होणार की नुसता प्रेक्षक, हे ठरते.