फरी-गदका, शिकलगार आणि बोथट तलवारीचा प्रश्न

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरं-पोरी तलवार फिरवायला लागली की आपण सगळे मोबाईल काढतो. त्यांच्या हातातल्या तलवारीकडं मात्र कुणी नीट बघत नाही. मला ती सवय लागलीय. नांदेड असो की लातूर, बऱ्याचदा ती पातळ पत्र्याची असते. टोक अणकुचीदार, मूठ वेल्डिंगच्या दोन टिपक्यांवर अडकलेली. दिसायला चकचकीत, पण दोन पाती जोरात आपटली की पत्र्याला खाचा पडतात, आणि खाचा पडलेला पत्रा म्हणजे करवतच. शेजारी आठ-नऊ वर्षांचं लेकरू आपली पाळी यायची वाट बघत उभं असतं.

आपल्या जुन्या लोकांनी याच्यावर उपाय काढला होता. तलवार शिकायची ती तलवारीनं नाही, गदक्यानं. गदका म्हणजे साधारण तीन फुटांची, चामडं चढवलेली काठी. डाव्या हातात फरी, म्हणजे छोटी ढाल. वार बसला तर वळ उठतो, हात तुटत नाही. भाल्याच्या सरावाला बोथाटी. तिच्या टोकाला फळाऐवजी कापडाचा गोळा, आणि तो रंगात बुडवलेला. वार लागला की नाही यावर भांडण नको, अंगावरचा डागच सांगणार.

आता गंमत बघा. नांदेडला हल्लाबोलच्या मिरवणुकीत आपण जो गतका बघतो, तो आणि मराठीतला गदका एकाच घरचे शब्द आहेत. फरी तर दोन्हीकडं फरीच. तोच गतका २०२२मध्ये पंचकुलातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत काठी घेऊन खेळला गेला. जगातही हेच. रोमन सैनिक दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारीनं सराव करायचे, जपानी लोक बांबूच्या पट्ट्यांची तलवार वापरतात.

पण लढाईचा देखावा करायचा तर काठीवर भागत नाही. पोलाद लागतं, लोकांना तो खणखणाट हवा असतो. आणि खरी अडचण इथंच सुरू होते. बोथट तलवार करणं हे धारेच्या तलवारीपेक्षा सोपं काम नाही. पत्रा चालत नाही. ट्रकच्या पाट्यासारखं, वाकून परत सरळ होणारं पोलाद पाहिजे. धारेच्या जागी दोन-तीन मिलिमीटर जाडी ठेवायची, टोक गोल करायचं. पाणी बेताचं द्यायचं. जास्त झालं तर पातं तुटतं, कमी पडलं तर वाकलेलं तसंच राहतं. जुन्या मुठीत पातं लाखेनं बसवायचे. सरावाच्या तलवारीवर दिवसभर ठोके पडतात, लाख तडकली तर पातं सुटून प्रेक्षकांत जाणार, म्हणून तिथं रिव्हेट हवेत. मूठही ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची पाहिजे. मोठ्याची तलवार बारा वर्षांच्या पोरीला दिली तर मूठ तिच्या हातात सैल राहते आणि ती मनगट दुखवून घेते. दांडपट्ट्याचं तर आणखी वेगळं. त्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो, मनगट वळतच नाही. खोबळा सैल असला की पट्टा खांद्यावरून फिरण्याऐवजी मालकाच्याच पायावर येतो.

हे काम जमणारी माणसं आपल्याकडं आहेत. नांदेडचे शीख शिकलगार १७०८मध्ये इथंच देह ठेवलेल्या गुरू गोबिंदसिंगांच्या शस्त्रागाराशी आपलं नातं सांगतात. शिकलगार या शब्दाचा अर्थच मुळी हत्याराला झिलई देणारा. मुसलमान शिकलगार आहेत. लातूर-उदगीरच्या रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी आहेत. आज हे लोक कढया, तवे, विळे, खुरपी करतात. एका कारागिराला मी सरावाच्या तलवारींबद्दल विचारलं तर त्यानं हातच जोडले. तव्यापायी कुणी चौकशीला येत नाही, म्हणाला.

त्याचं चूक नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातून लाठी वगळलीय, आणि खऱ्या हत्यारात बदलता येणार नाही असं खेळणंही वगळलंय. पण चांगल्या पोलादाची बोथट तलवार तासभर ग्राइंडरवर धरली की खरी होते. म्हणजे कारागीर जितकं चोख काम करील, तितका तो गुन्ह्याच्या जवळ जाणार! आणि पोरांना जखमा करणारा पत्रा शोभेची वस्तू म्हणून दुकानात टांगलेला. वर सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू झालं की आदेशात तलवारी, भाल्यांच्या जोडीला काठ्या-लाठ्याही येतात.

पोलिसांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. तलवारीनं केक कापणाऱ्यांनी त्यांचं काम वाढवून ठेवलंय, आणि दंगलीत तलवार निघते तेव्हा ती सरावाची होती का हे कुणी विचारत नाही. पण २०२४मध्ये सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. मग तो पट्टा घडवायचा कुणी, हे पण जाहीर होऊ द्या. माझं म्हणणं एवढंच: आखाड्याच्या नावावर हत्यारांची नोंद व्हावी, प्रत्येक पात्यावर नंबर ठोकलेला असावा, धारेची किमान जाडी लेखी ठरावी, हत्यारं वस्तादाच्या कुलपात राहावीत. आणि घडवणाऱ्या शिकलगाराला, घिसाड्याला जिल्हा प्रशासनाचा एक कागद मिळावा, जो दाखवून तो घरी जाऊ शकेल.

तोवर आपल्या पोराच्या हातातली तलवार एकदा स्वतः धरून बघा. मूठ हलते का, एवढं तरी बघा.