वाड्यांतील कला व तिची जागा

चामोर्शीनजीक वैनगंगेच्या काठीं मार्कंड्याचा मंदिरसमूह उभा आहे. जनरल कनिंगहॅम यांनीं १८७३ ते १८७५ मधील मध्यप्रांताच्या दौऱ्यांच्या वृत्तांतांत त्याचें वर्णन केलें आहे. तेथील मूर्तींचे पट्टे भिंतीच्या थरांशीं इतके एकजीव आहेत कीं, मूर्ति निराळी व भिंत निराळी असें म्हणतां येत नाहीं. देवालयांविषयीं हें तत्त्व सर्वमान्य आहे. राहत्या घरांतील कलेविषयीं मात्र त्याचें विस्मरण होतें. तिकडे लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

चामोर्शीचा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला. भोसल्यांचा नागपुरांतील राजवाडा काळ्या दगडाचा असून लांकडी कोरीवकामानें समृद्ध होता. तो १८६४ सालीं जळाला. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालीं झाली व १८२८ च्या आगींत त्याचे महाल नष्ट झाले. त्यांतील दरबाराच्या अंतर्भागाची कल्पना देणारें एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. त्यांतील प्रसंग १७९० मधील मॅलेटच्या तहाचा आहे; परंतु ज्याच्या अभ्यासचित्रांवर तें आधारलेलें, तो चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला १७९२ सालीं, आणि टॉमस डॅनियल यानें तें पूर्ण केलें १८०५ सालीं. म्हणजे हा पुरावाहि सावधपणेंच वापरावा लागतो.

वाईजवळील मेणवली येथें नाना फडणिसांच्या वाड्यांत भित्तिचित्रें मूळ जागीं पाहावयास मिळतात. तेथें चित्र हें भिंतीवर मागाहून टांगलेलें नसून गिलाव्याचाच भाग आहे. त्या काळीं बैठक जमिनीवर असे. लोडाशीं टेकून बसलेल्याच्या दृष्टीची उंची, दारा-खिडक्यांतून येणारा उजेड व कोनाड्यांची रचना ध्यानांत घेतल्यावांचून अशा चित्राचा अर्थ पुरा लागत नाहीं. तोच तुकडा चौकटींत घालून उभ्या माणसाच्या उंचीवर लाविला, तर कला उरते, पण तिचें घर हरवतें.

याच वाड्याचें दप्तर तेथून हललें. तरीहि त्यांतील कागदांचें मोल टिकलें, कारण कागदावर नांव असतें, तिथि असते, मायना असतो. कोरीव तुळई किंवा चित्राचा तुकडा असें कांहींच सांगत नाहीं. त्याची जागा हीच त्याची पुष्पिका होय. पुष्पिकेचें पान फाडून पोथी घेणाऱ्यास आपण संग्राहक म्हणणार नाहीं. मग पडक्या वाड्याचा खांब जागेची नोंद न करितां उचलणाऱ्यास तरी कां म्हणावें?

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, वस्तु हलविण्यापूर्वीं चौक, भिंतीची दिशा, जमिनीपासूनची उंची व उजेडाची बाजू लिहून ठेवावी, आणि दालनाचा साधा आराखडा काढावा. एका दुपारचें हें काम आहे. वाडा एकदां उतरला म्हणजे तें कोणासच करितां येणार नाहीं.