रेंगाळणारी रेष

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्राचा 30 मेगावॉटचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. अशा केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 50. म्हणून आपल्या घरातील विजेची एक लाट 20 मिलिसेकंदांत पुरी होते. दिवसभरात अशा 43 लाख 20 हजार लाटा येऊन जातात. त्यांतली एखादीच बिघडलेली असेल, तर ती पाहायची कशी? ऑसिलोस्कोपच्या इतिहासाचा मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरतो.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 साली स्ट्रासबुर्ग येथे कॅथोड किरण नलिका तयार केली आणि तीत त्या शहराच्या विजेचीच लाट पाहिली. प्रकाशाचा ठिपका नुसता वरखाली होई. त्याची लाट दिसावी म्हणून त्यांनी फिरता आरसा वापरला. 1899 मध्ये योनाथन त्सेनेक यांनी ठिपक्याला आडवी गती दिली. आता तीच लाट पुन्हा पुन्हा त्याच जागी रेखली जाऊ लागली आणि दृष्टिसातत्यामुळे डोळ्यांना ती स्थिर दिसू लागली.

पण सगळेच संकेत असे पुन्हा पुन्हा येत नाहीत. रडारचा अँटेना सावकाश फिरतो; तो परत येईपर्यंत पडद्यावरची खूण टिकायला हवी. दुसऱ्या महायुद्धात यासाठी पी-7 हा दुपदरी फॉस्फर वापरात आला. तो आधी निळा चमके आणि मग काही सेकंद पिवळसर रेंगाळे. या रेंगाळण्यालाच पर्सिस्टन्स म्हणतात. याउलट, नेहमीच्या ऑसिलोस्कोपमधील हिरव्या पी-31 ची चमक मिलिसेकंदाच्या आतच बरीच मंदावते. फॉस्फर नलिका बनवतानाच ठरे. नंतर तो बदलता येत नसे.

वाहिनीवर वीज कोसळली, तर उसळणारा दाब काही मायक्रोसेकंदांचाच असतो. तो टिपण्यासाठी अंधारात कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून बसत. 1960 च्या दशकात रेष पडद्यावरच धरून ठेवणाऱ्या साठवण नलिका प्रचारात आल्या. पुढे डिजिटल ऑसिलोस्कोप आले आणि लाट स्मृतीत आकड्यांच्या रूपाने राहू लागली. 1998 मध्ये टेक्ट्रॉनिक्सने फॉस्फरच्या रेंगाळण्याची नक्कल करणारा ऑसिलोस्कोप बाजारात आणला. वारंवार येणारी रेष त्यात ठळक दिसते, क्वचित येणारी फिकट.

आज पर्सिस्टन्स बटणाने बदलता येतो. पण केव्हा किती ठेवायचा, हे आपणच ठरवायचे असते. संकेत सतत बदलत असेल, तर तो कमी ठेवावा. नाहीतर जुन्या आणि नव्या रेषांची सरमिसळ होते. क्वचित घडणारा दोष शोधायचा असेल, तर तो 'अनंत' करावा. मग रात्री केव्हातरी आलेली वाकडी लाट सकाळी पडद्यावर सापडू शकते. मात्र त्याआधी ट्रिगर नीट लावलेला हवा, नाहीतर सगळा पडदाच भरून जातो. शिवाय दोन नोंदींच्या मध्ये उपकरण क्षणभर आंधळे असते. त्यामुळे पडदा स्वच्छ दिसला म्हणून दोष नव्हताच, असे म्हणता येत नाही.

वर्गात हा प्रयोग 6 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर करता येईल. घरगुती विजेची तार ऑसिलोस्कोपला थेट कधीही जोडू नये. पर्सिस्टन्स अनंत करून विद्युतदाब थोडा बदलावा. पडद्यावर जाड पट्टा उमटेल. विद्यार्थ्यांना विचारावे : ही एक जाड लाट आहे की अनेक लाटा? त्या एकावर एक रचलेल्या अनेक लाटा आहेत, आणि त्यांतली कोणती आधी आली, हे पट्टा सांगत नाही. पडदा पुसून पर्सिस्टन्स कमी केला, की या क्षणाची एकटी रेष पुन्हा दिसू लागते.